बावखलाकडचा प्लासिड

वसईजवळच्या गासमध्ये प्लासिड डाबरे दोन होते. दोघांचा बाप्तिस्मा एकाच वर्षी झाला, दोघे शाळेत एकाच बाकावर बसले आणि हजेरीला दोघांनी एकदम ‘हजर’ म्हटल्यामुळे मास्तरांचा मारही जोडीनेच खाल्ला. यात नवल काही नाही. संतांची नावं ठरलेली, आडनावं मोजकी, मग माणसं वाढली की तीच नावं फिरून येणारच. गावाने त्यावर आपला उपाय केव्हाच शोधून ठेवला होता. प्रत्येक घराला नाव. एक प्लासिड चिंचेखालचा, त्याची केळीची वाडी होती. दुसरा बावखलाकडचा, म्हणजे गावातल्या जुन्या तळ्याच्या काठाला ज्यांचं घर, त्यांच्यातला. हा दुसरा शिकला, मुंबईला एका औषध कंपनीत कॉम्प्युटरवर लागला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी कंपनीने स्वेच्छानिवृत्तीच्या गोड नावाखाली त्याला घरी पाठवला.

घरी बसणं त्याला जमलं नाही. वसई स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासला तो मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून सी प्लस प्लस शिकला. पोरं त्याला अंकल म्हणायची आणि अडलं की त्याच्याच वहीत डोकावायची. मग नवघरला हरिश्चंद्र शेठच्या छोट्या कंपनीत त्याला काम मिळालं. ही कंपनी पॅथॉलॉजी लॅबना रक्त-लघवीचे रिपोर्ट छापायचा प्रोग्राम विकत असे.

मूळ प्रोग्राम पुण्याच्या कुणा माणसाकडून आणलेला होता. त्यात रिपोर्टचा एक क्लास होता, म्हणजे कामाचा साचा. नाव आणि वय टाकलं की न छापलेली पहिली नोंद शोधायची आणि छापायची, एवढंच त्याला ठाऊक. पुण्याच्या माणसाला आपल्या आयुष्यात एका नावाची, एका वयाची दोन माणसं भेटली नसावीत. नव्व्याण्णव साली त्या साच्याने दोन सॅन्टन लोपीसांचे कागद एकमेकांना दिले. ज्याला मधुमेह नव्हता त्याने आठ दिवस साखर सोडली आणि ज्याला होता त्याने नाताळच्या करंज्या मनसोक्त खाल्ल्या. गाव हसलं. प्लासिडला हसू आलं नाही.

त्याने पुण्याच्या साच्याखाली आपला साचा बांधला. या विद्येत खालच्या साच्याला वरच्याचं सगळं वारशाने मिळतं. पटेल ते तसंच ठेवायचं, न पटेल तेवढं नव्याने लिहायचं. प्लासिडने फक्त छापण्याची रीत नव्याने लिहिली, रक्ताच्या नळीवरच्या चिठ्ठीची आणि कागदाचीही. एकाच नावाची आणि वयाची दोन माणसं सापडली की प्रोग्रामने थांबायचं आणि विचारायचं, घराचं नाव काय? उत्तर मिळाल्याशिवाय कागद बाहेर सोडायचा नाही, आणि ते नाव रोग्याच्या नावाखालच्या ओळीत छापायचं. चाळीस ओळींचं काम. त्याने आयुष्यात लिहिलेल्या हजारो ओळींपैकी त्याला स्वतःच्या वाटाव्यात अशा या चाळीसच.

दोन हजार तीनच्या जानेवारीत ऋतिका कामाला आली. मुलगी हुशार, जूचंद्रला नव्या इमारतीत राहणारी, जावा भाषा शिकून आलेली. रिपोर्टचं नवं रंगीत रूप करायचं काम तिला दिलं. तिने प्लासिडच्या साच्याखाली तिसरा साचा बांधला. म्हणजे पुण्याचा साचा आजोबा, प्लासिडचा साचा बाप आणि हिचा नातू. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, की जावात नातवाला बापाची रीत वापरता येते, पण बापाला वगळून थेट आजोबाची नाही वापरता येत. सी प्लस प्लसमध्ये येते का?

शिकवायची संधी प्लासिडला कधी मिळत नसे. त्याने डबा बाजूला सारला आणि तिला पडद्यावर दाखवलं. आजोबा साच्याचं नाव लिहायचं, पुढे दोन टिंबांची जोडी दोनदा द्यायची, मग रीतीचं नाव. झालं. मधल्याला पत्ताही लागत नाही.

“मग जावावाल्यांनी हे बंद का केलं असेल, सर?” तिने विचारलं.

“त्यांचा पोरांवर विश्वास नसेल,” प्लासिड म्हणाला. त्या दिवशी तो स्वतःवर खूश होता.

त्याच सुमारास त्याला थकवा लागला. आधी वाटलं, पन्नाशी उलटली, चालायचंच. मग बावखलाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. दुपारी खुर्चीतच डोळे मिटत. संध्याकाळी चपलांचे पट्टे पायात रुतलेले असत. मासळीसुद्धा तोंडाला कडवट लागे, आणि वसईच्या माणसाला मासळी नकोशी वाटावी, याहून घरच्यांना घाबरवणारं दुसरं काही नाही. त्याची बायको सेलीन त्याच्या मागे लागली. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये शेठचाच प्रोग्राम वापरणाऱ्या लॅबचं रक्ततपासणीचं शिबिर होतं, तिथे तिने त्याला हाताला धरून नेलं. अर्धं गाव रांगेत होतं. चिंचेखालचा प्लासिडही मागे होता. त्याला काही होत नव्हतं, पण सगळेच देतायत म्हणून त्यानेही हात पुढे केला.

चार दिवसांनी त्याने लॅबमधून रिपोर्ट आणला. सगळं उत्तम. क्रिएटिनीन म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा, तोही तरण्या पोरासारखा, शून्य पूर्णांक नऊ. डॉक्टर म्हणाले, बैठं काम आहे, पाय सुजणारच. अशक्तपणा आहे तर रोज दोन केळी खा, शहाळं प्या, मीठ घालून लिंबूपाणी घ्या. प्लासिडने कागदाची घडी करून खिशात ठेवली. आनंद व्हायला हवा होता, पण त्याला लाज वाटली. काही झालेलं नसताना माणूस एवढा थकतो, म्हणजे तो मुळातच ढिला आहे, असं त्याला वाटलं. त्यानंतर त्याने थकव्याबद्दल बोलणंच बंद केलं. सकाळी उठताना पलंगाची कड धरून तो मनात दहापर्यंत आकडे म्हणायचा आणि मग उभा राहायचा. ऑफिसात शेठने दोनदा टोमणा मारला, की प्लासिड, झोपायचं असेल तर घरी झोपत जा. त्याने ऐकून घेतलं. रिपोर्ट चांगला असलेल्या माणसाला दुसरं काय बोलता येतं?

पावसाळ्यात सेलीनने बातमी आणली, की चिंचेखालच्या प्लासिडची दोन्ही मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी त्याला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं, पण त्याने आधी मुलीच्या लग्नाचं आणि मग लावणीचं निमित्त केलं. खरं म्हणजे तो घाबरला होता. मोठ्या डॉक्टरकडे गेलेला माणूस परत येत नाही, असा त्याचा हिशेब. पथ्य मात्र तो वेड्यासारखा पाळत होता. सुकं बोंबील नाही, मीठ नाही, शहाळं नाही आणि केळं नाही.

“केळीवाल्याला केळं बंद,” सेलीन म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सप्टेंबरात एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर बावखलाकडचा चिंचेखालच्याला भेटायला गेला. जायला त्याला पाऊण तास लागला. एरवी दहा मिनिटांची वाट. पोचला तेव्हा आजारी माणूस खांद्यावर केळीचा लोंगर घेऊन वाडीतून येत होता. त्याने तो अलगद ओट्यावर ठेवला आणि पाहुण्यालाच हाताला धरून बसवलं, कारण पाहुणा धापा टाकत होता.

दोघे घरच्या बोलीत बोलले, शाळेतल्या माराबद्दल, मुलीच्या लग्नाबद्दल. मग चिंचेखालचा हळूच म्हणाला, की नाताळपर्यंत तरी जगावं असं वाटतं. बायकोला सांगून ठेवलंय, पेटीतला काळा कोट काढून ऊन दे, पुरताना अंगावर घालायचा आहे. प्लासिडने रिपोर्ट बघायला मागितला.

ऋतिकाचा रंगीत कागद होता. वर निळी पट्टी, खाली आकडे. क्रिएटिनीन तीन पूर्णांक नऊ. प्लासिडची नजर आकड्यावरून उठून नावावर गेली आणि नावाखाली थांबली. तिथे ओळ नव्हती. प्लासिड डाबरे, वय एक्कावन्न, आणि खाली काहीच नाही. त्याला एकदम आठवलं, की त्याच्या स्वतःच्या कागदावरही ती ओळ नव्हती. रिपोर्ट घ्यायला गेला तेव्हा लॅबमधल्या सुमेधाने त्याला काही विचारलं नव्हतं. ती आपल्याला ओळखते म्हणून विचारलं नसेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. पण प्रोग्राम कुणाला ओळखत नसतो. तो त्याने लिहिला होता, त्याला माहीत होतं.

“तुझा कागद आणायला कोण गेलं होतं?” त्याने विचारलं.

“बायको. सकाळी उघडायच्या आधीच जाऊन बसली होती.”

प्लासिड स्वतः दुपारी गेला होता. म्हणजे पहिला कागद तिला गेला आणि दुसरा त्याला. नक्की कळल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरवून तो उठला आणि उठताना त्याला चिंचेखालच्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

सोमवारी त्याने ऑफिसात पहिल्यांदा आपला साचा उघडून पाहिला. चाळीसच्या चाळीस ओळी जागेवर, एका टिंबाचाही फरक नाही. क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्याने ऋतिकाचा साचा उघडला. छापण्याच्या रीतीत एक ओळ होती. पुण्याच्या साच्याचं नाव, टिंबांची जोडी दोनदा, आणि रीत. नेमकी त्याने डबा बाजूला सारून दाखवली होती तशी.

ऋतिकाला बोलावलं तेव्हा तिला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. एप्रिलमध्ये सर ईस्टरच्या आधीच्या होली वीकच्या सुट्टीवर होते. लॅबवाले रोज फोन करत होते, की नव्या कॉलनीतली फ्लॅटवाली माणसं चिडतात, घराचं नाव काय विचारलं की इमारतीचं नाव सांगतात, मागे रांग लागते. शेठ म्हणाले, तो प्रश्न काढून टाक.

“पण तुमचा कोड मला काढवेना, सर,” ती म्हणाली. “तुम्ही एवढं शिकवलंत. म्हणून तो तसाच ठेवला. फक्त वरून गेले.”

राग यायला अंगात जोर लागतो, तो प्लासिडकडे नव्हता. तिने त्या ओळी पुसल्या असत्या तर सुट्टीवरून आल्या दिवशी त्याला दिसलं असतं. तो भांडला असता, शेठशी, लॅबशी. तिने मान ठेवला म्हणून त्याला पत्ता लागला नाही. आणि पत्ता लागू न देता पुढे कसं जायचं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. पोरीवर तो काय ओरडणार होता?

“आता परत माझ्या साच्यातून ने,” तो म्हणाला. “शेठला मी सांगतो.”

तिने कारण विचारलं. त्याने खिशातला घडी घालून घालून मऊ झालेला मे महिन्याचा कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. सगळं सांगितलं. ती रडायला लागली, तेव्हा तिला पाणी आणून द्यायला उठावं असं त्याच्या मनात आलं, पण पाय उचलेनात. तिनेच डोळे पुसले, त्याच्यासमोर ओळ बदलली आणि दुपारी स्वतः लॅबमध्ये जाऊन नवा प्रोग्राम चढवून आली.

बुधवारी सकाळी तो चिंचेखालच्याला रिक्षात घालून लॅबमध्ये घेऊन गेला. एवढंच सांगितलं, की कागदात चूक असावी, दोघेही परत रक्त देऊ. सुमेधाने नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांसाठी दोघांची नावं टाकली आणि प्रोग्राम थांबला. पाच महिन्यांनी पहिल्यांदाच थांबला. तिने पडद्याकडे बघत कंटाळलेल्या आवाजात विचारलं, “घराचं नाव काय?” दोघांनी सांगितलं.

कागद दुपारी मिळणार होता. दोघे बाहेरच्या बाकावर बसले, शाळेतल्यासारखे. चिंचेखालच्याला आता अंधूक काही कळायला लागलं होतं. तो अधूनमधून आपल्या मित्राच्या सुजलेल्या पायांकडे बघे आणि नजर काढून घेई. शेवटी त्याच्याने राहवेना.

“माझ्या कागदात चूक आहे,” तो म्हणाला, “मग तो आकडा कुणाचा?”

प्लासिड उत्तर देणार, एवढ्यात दार उघडलं. सुमेधाच्या हातात दोन कागद होते. तिने वरचा वाचला, “प्लासिड डाबरे,” आणि दोघे एकदम उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे, नावाखालच्या ओळीकडे. या वेळी तिचा आवाज खाली आला होता.

“बावखलाकडचे,” ती म्हणाली. “हा ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.”

चिंचेखालचा खाली बसला. गेले चार महिने तो ज्या मरणाची तयारी करत होता ते त्याचं नव्हतं, आणि त्याला आनंद करता येईना. प्लासिडने कागद घेतला. आकडा पाच पूर्णांक सहा होता. त्याला भीती वाटली, चांगलीच वाटली, पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी वाटलं. म्हणजे आपण ढिले नव्हतो. आपण खरोखर आजारी होतो. एवढे महिने छातीवर धरून ठेवलेली लाज सुटली आणि तो परत बाकावर, मित्राला टेकून बसला.

“घरी जाऊन बोंबील भाजायला सांग,” तो म्हणाला.

चिंचेखालच्याने नको म्हणून मान हलवली. तो त्याचा हात धरून बसला होता. रिक्षा आली तेव्हा त्याने आधी प्लासिडला आत बसवलं आणि रिक्षावाल्याला डॉक्टरच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला.