पाणीवाले साहेब

खड्ड्यात उतरण्याआधी ते चपला काढून काठावर ठेवत. मग पहारीसारखी लोखंडी सब्बल तळाशी आपटत, कान तिरपा करत आणि वर बघून म्हणत, "पाणी पाजा. मंग बोलू."

गुडीहत्नूरच्या बाजूला सरकारी इमारत उभी राहताना तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल, तर हे वाक्य ऐकलंच असेल. पायाचे खड्डे तपासणं हे त्यांचं काम. त्यांनी दस्तखत केल्याशिवाय काँक्रीट ओतता येत नसे. आमची काळी जमीन वैशाखात इतकी टणक होते की सब्बल मुरमावर पडल्यासारखी वाजते. पावसात तीच फुगते आणि भिंती उचलते. म्हणून ते खड्ड्यात घागरी ओतायला लावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सब्बल मारत. मिस्त्री लोक त्यांना पाठीमागे पाणीवाले साहेब म्हणत. तोंडावरही म्हणत.

आमच्या शाळेच्या नव्या खोल्यांचं काम मे महिन्यात निघालं. मुलं दोन वर्षं पत्र्याखाली बसत होती. पावसाआधी पाया भरला नाही, तर तिसरंही वर्ष तसंच जाणार होतं.

"सायेब, खणखण वाजून राह्यली ना! अजून काऊन थांबता?" मिस्त्री म्हणाला.

"उन्हाळ्यात सगळीच काळी मुरूम असते. पाणी पाजा."

"तुमी नवरदेव पाहाले गेले तरी त्याले आधी पाणी पाजसान!"

"पाजाच लागते. पोरगी आपली हाये."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी मुख्याध्यापक, त्यांना बाजूला नेऊन विचारलं, तुमच्या एका दस्तखतीपायी पोरांचं वर्ष घालवायचं का? ते रागावले नाहीत. "गुरुजी," एवढंच म्हणाले, "एकदा घाई केली हाये म्या."

दुसऱ्या दिवशी पाच खड्ड्यांत सब्बल वाजली. सहाव्यात ती आवाज न करता हातभर आत गेली. त्यांनी ती तशीच उभी सोडली आणि वर येऊन चपला घातल्या. मिस्त्रीने कुदळ मागवली. तो खड्डा खरा मुरूम लागेपर्यंत खणला आणि पाऊस यायच्या चार दिवस आधी पाया भरला. आज नऊ वर्षांनी त्या खोल्यांना केसाएवढी भेग नाही. त्यांचे आभार मानायचं मात्र राहून गेलं.

यंदा श्रावणात ते गेले. वहिनींना भेटायला म्हणून आदिलाबादला त्यांच्या घरी गेलो. बैठकीत, खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरपी खाली उतरली होती. तिच्या कडेने पेन्सिलीच्या बारीक खुणा, आणि प्रत्येक खुणेपाशी एका पावसाळ्याचं साल.

"घर त्यायनं सोता बांधलं," वहिनी म्हणाल्या. "नवी नोकरी, मोठी हौस. वैशाखात पाया भरला. कितीक डाव म्हनलं, ते भेग बुजवून घ्या. तं म्हनत, राहू दे, माही दस्तखत हाये ते."

यंदाची खूण नव्हती. वहिनींनी खिडकीतली पेन्सिल उचलली आणि माझ्यापुढे धरली. "तुमीच करा, गुरुजी."

भेगेचं टोक शोधायला मला जमिनीवर बसावं लागलं. त्यांच्या शेवटच्या खुणेखाली बोटभर अंतरावर मी सावकाश यंदाचं साल लिहिलं.