रजियाआपाच्या नावाचा टॅग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

मी जळगावात राहते आणि अहिराणी गाण्यांची वेबसाइट चालवते. चांगली चालवते, हे ठामपणे म्हणते. पण तिचं खरं बळ ऐकणाऱ्यांनी लावलेल्या टॅगांत आहे. मी एका गाण्याला ‘पारंपरिक विवाहगीत’ असा टॅग लावला होता — तसं कोण शोधतं? लोकांनी ‘हळदनं गानं’ लिहिलं, आणि पार सुरतेहून माणसं त्या गाण्यापाशी पोचली.

ते गाणं रजियाआपाचं. दोंडाईच्याची बांगडीवाली. नवरीच्या हातात बांगड्या भरता भरता गायची. मी रेकॉर्ड केलं, खाली नाव मात्र फक्त माझं — संकलन म्हणून. मग कुणीतरी टॅग लावला, ‘रजिया बांगडीवाली’. लोक तिच्या नावानं शोधू लागले. आणि मी? उन्हातान्हात गावोगाव कोण फिरलं होतं?

मी तो टॅग काढून टाकला.

तो पुन्हा लागला. मी पुन्हा काढला. मग टॅग लावणारीचाच निरोप आला, सुरतेहून — “ताई, ही मनी रजिया शे ना? आम्ही एकाच गल्लीमा वाढनूत. कोठे ऱ्हास ती आते?”

आपाची लहानपणची मैत्रीण ती कुठे राहते ते विचारत होती; माझ्याकडे आपाचा पत्ता होता, फोन नंबर होता. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं नाही. मी दिलं नाही.

पण इथवरचं तर मी एखादवेळेस कुणाला सांगितलंही असतं. खरं पुढेच आहे — काही दिवसांनी नवी गाणी घ्यायला मी आपाकडे गेले. ती खाटेवर पडून होती, आवाज बसलेला. माझ्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाली, “बेटा, माले कोनी वळखं का तठे?”

मी म्हणाले, “नाही, आपा.”

तिनं मान हलवली. सुनेला म्हणाली, हिला चहा कर. मी तो चहा प्यायले.

महिनाभरात आपा गेली. मग मी टॅग परत लावला, गाण्याखाली तिचं नाव घातलं, सुरतेच्या मैत्रिणीला कळवलं — त्या ‘नाही’खेरीज सगळं. आता ‘रजिया बांगडीवाली’ टाकलं की तिचाच आवाज लागतो. कुठून कुठून लोक येतात, ओळख सांगतात.

आपल्याला कुणीच ओळखलं नाही, असं समजून ती गेली.