व्हॅनच्या छतावरचं घरटं

मार्चभर आमची कॅम्पर व्हॅन पुण्याच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. एप्रिल उजाडला आणि मी जाहीर केलं, "शनिवारी सोलापूर! वाटेत भिगवणला पक्षी बघू."

बायको, सुनंदा, म्हणाली, "गाडी वरून-खालून बघून घ्या आधी."

टायर बघितले, ऑइल बघितलं, गॅस बघितला. छतावर कोण चढतंय! चाळीस वर्षं कारखान्यात मशिनं सांभाळलेला माणूस मी. मला कोणी काही शिकवायचं नाही, हा माझा जुना आजार.

पहाटे हडपसर सोडलं आणि छतावरच्या फॅनमधून किरकिर सुरू झाली.

"अहो, पाखरू ओरडल्यासारखं वाटतंय."

"बेअरिंग आहे ते. सुकलंय."

गाडी बाजूला घेऊन फॅनवर आतून दोन थापा मारल्या. आवाज बंद. "बघ!" म्हटलं.

भिगवणला सकाळी लवकरच पोचा, उन्हं चढली की पाणी नुसतं चकाकतं. बोटीचं भाडं बसण्याआधी ठरवा. रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा समोर होता. दोन तास दुर्बीण डोळ्यांना लावून बसलो, मग माशाचं कालवण आणि भाकरी चापली. तेवढा वेळ गाडी उन्हात तापत होती. आज हे लिहितानाही लाज वाटते.

इंदापूरनंतर किरकिर पुन्हा आली, पण बारीक. रस्ता झकास, चार पदरी. मोहोळ येईपर्यंत आवाज थांबला. "गेला बघ आपोआप," मी खुशीत म्हणालो.

मुक्काम सोलापूरजवळ कुंभारीला, सुनंदाच्या भावाकडे, आप्पाकडे. त्याला गाडी दाखवताना आतल्या गादीवर काड्या पडलेल्या दिसल्या. त्यानं शिडी लावली आणि फॅनचं टोपण उचललं.

"दाजी, हितं घरटं हाय की! साळुंकीचं!"

तीन पिल्लं. दोन गार पडलेली. तिसऱ्यानं चोच उघडली.

"ह्येची आई कुटं हाय?"

सुनंदा म्हणाली, "पुण्यात."

आप्पाच्या बायकोनं बांधावरून नाकतोडे धरून आणले, तुकडे करून पिल्लाला भरवले. "भूक लई असती ह्यास्नी," ती म्हणाली. "सकाळीच घिऊन जावा. मानसाचा हात लागला म्हनून आई टाकत न्हाय."

रविवारी तांबडं फुटताच परत फिरलो. सोलापुरातलं काहीच बघितलं नाही. वहिनीनं बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणीही तशीच राहिली. सुनंदा घरटं ठेवलेला खोका मांडीवर घेऊन पिल्लाला सारखी चारत होती. मी एकदाच, डिझेलला थांबलो. पिल्लू पुण्यात जिवंत पोचलं!

वॉचमन म्हणाला, "साहेब, काल दिवसभर दोन साळुंक्या तुमच्या मोकळ्या जागेवर ओरडत होत्या. आज सकाळपासून दिसल्या नाहीत."

गाडी अगदी त्याच जागी लावली. घरटं परत वर ठेवलं, टोपण उघडं सोडलं आणि दिवेलागणीपर्यंत जिन्यात बसून राहिलो. कोणी आलं नाही. मग पिल्लाला घरात घेतलं. सोमवारी दुपारी ते गेलं.

अशी गाडी असेल तर ऐका. छतावरचा फॅन, फ्रिजच्या मागची झडप, गिझरचं धुराडं, सगळ्याला बारीक तारेची जाळी लावा. पण लावण्याआधी टॉर्च मारून आत बघा, नाहीतर आतल्या जिवालाच कोंडाल. अंडी-पिल्लं दिसली तर सहल पुढं ढकला. महिनाभरात पिल्लं उडून जातात. सोलापूर कुठं पळून जात नाही. मी थांबलो असतो तर माझं काय जाणार होतं?

परवा फॅन पुन्हा वाजला. या वेळी खरंच बेअरिंग होतं. जाळी पक्की आहे, मीच आवळलीय. तरी शिडी लावून वर चढलो.

"काही आहे का हो?" सुनंदानं खालून विचारलं.

"काही नाही," म्हणालो, आणि टोपण उघडं धरून तसाच बसून राहिलो.