बीएस्सीचं कर्ज आणि लग्नाची एफडी

बारावीला पीसीबी घेतलं आणि मेडिकलच्या परीक्षेत आपटलं, की एकच शब्द हाताशी उरतो: स्कोप. ठाण्याच्या कॉलेजात प्रवेशाच्या टेबलामागे बसलेल्या बाईंनी तो बाबांना इतक्या वेळा ऐकवला, की डोंबिवलीला पोचेपर्यंत तो बाबांचाच झाला होता. नुसत्या बायोलॉजीला स्कोप नाही, पण पुढे ‘टेक’ लागलं की आहे. फी भरमसाट होती. बाबा म्हणाले, एज्युकेशन लोन काढू, नोकरी लागली की तूच फेडशील.

खरं तर कर्ज काढायची गरजच नव्हती. आमच्या घराचं शहाणपण सुरू होतं ते इथे. बाबा मानपाड्याला एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा हातात आलेले पैसे त्यांनी बँकेत ठेवले, माझ्या लग्नासाठी. त्या एफडीच्या पावतीला आई हळदीकुंकू लावते. एरवी ती देव्हाऱ्याखालच्या डब्यात असते आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर, सोन्याच्या शेजारी. लग्नाच्या ठेवीला आधी हात लावला तर लग्न लांबतं, असं आमच्याकडे मानतात. हे कोणी कोकणातून येताना बरोबर आणलं की इथे आल्यावर उगवलं, देव जाणे. तर एफडी कमी व्याजाने वाढत राहिली आणि त्याच बँकेत माझं कर्ज जास्त व्याजाने. घरची टाकी भरलेली असताना टँकर मागवावा, तसला प्रकार. त्यात शिकत असेपर्यंत हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो; ते मात्र चढतच होतं.

शिकताना मला आवडलं, ते नाकारत नाही. स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशी निळा रंग घालून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, त्या दिवशी मी घरी येऊन आईला अर्धा तास पिडलं होतं. पण आवडण्याचा पगार कोणी देत नाही. नोकरी लागली ती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये, तीही कंत्राटदारामार्फत. काचेच्या बश्यांमध्ये जंतूंचे ठिपके उगवलेत का ते बघायचं, उगवले असतील तर मोजायचे. पगारातला निम्म्याहून जास्त भाग हप्त्यात जायचा, उरलेला रिक्षात आणि घरखर्चात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर गंमत अशी, की ठिपके बीएस्सीवाल्यांनी मोजायचे आणि रिपोर्टवर सही एमएस्सीवाल्यांनी करायची. त्यांचा पगार माझ्या जवळजवळ दुप्पट. आमच्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, की एमएस्सी केलं नाहीस तर दहा वर्षांनीही इथेच मोजत बसशील.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात अर्ज केला आणि यादीत नाव लागलं. बँकेत गेले, तर पहिलं कर्ज फिटल्याशिवाय दुसरं मिळणार नाही, असं उत्तर मिळालं. मग मी घरी कागद-पेन घेऊन बसले. एफडी मोडली तर कर्ज फिटतं, वर दर महिन्याचं व्याज वाचतं, आणि एमएस्सीच्या फीसाठी नवं कर्ज मिळतं. बाबांनी पूर्ण ऐकलं. किराण्याच्या बिलातही चूक काढणारा माणूस, त्यांना कळलं नाही असं नव्हतं.

“हिशोब तुझा बरोबर आहे गं,” ते म्हणाले, “पण ते लग्नाचे पैसे आहेत.”

आईचं म्हणणं, आज मोडली आणि उद्या चांगलं स्थळ आलं तर काय दाखवायचं? मी चिडले, भांडले. फी भरायची शेवटची तारीख आली तेव्हा मी कामावर होते. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. तिथे टोपी आणि मास्क असतो, त्यामुळे कोणाला कळत नाही. मला राग कोणावर काढायचा तेच समजत नव्हतं. दोघांनीही माझ्या भल्यासाठीच सगळं केलं होतं, आणि तेच तर अडचणीचं होतं.

दिवाळीनंतर स्थळ आलं, आंबिवलीचं. पोहे झाल्यावर मुलाच्या वडिलांनी माझा पगार विचारला. मी पगार सांगितला आणि हप्ताही सांगून टाकला. आईने टेबलाखाली माझा पाय दाबला, पण तोवर सांगून झालं होतं. लग्नानंतर हा हप्ता कोण भरणार, असं त्यांनी शांतपणे विचारलं. माणूस वाईट नव्हता, त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. आई घाईने म्हणाली, तशी काळजी नाही, लग्नासाठी एफडी आहे.

“अहो, मग ती मोडा आणि कर्ज मिटवून टाका,” ते म्हणाले. “साधी गोष्ट आहे.”

“बरोबर आहे तुमचं,” बाबा म्हणाले.

जे मी कागदावर मांडून दाखवलं होतं, तेच बाबांना आता अर्धी वाटी पोहे खाल्लेल्या परक्या माणसाकडून पटलं होतं. सोमवारी बँक उघडायच्या आधीच बाबा दारात उभे होते. एफडी गेली, कर्ज गेलं. पुढच्याच आठवड्यात मध्यस्थांनी कळवलं की पत्रिका जुळत नाही.

कर्ज फिटल्याचं पत्र बाबांनी पेढ्यांच्या पुड्यासकट आणलं. आईने त्यालाही हळदीकुंकू लावलं आणि त्याच डब्यात ठेवलं. मी विचारलं, एफडीतलं काही उरलं का? विशेष काही नाही, बाबा म्हणाले. मग मी एमएस्सीचा विषय काढला. पुढच्या वर्षी यादीत नाव लागलं तर फीचं काय करायचं?

“त्यात काय,” बाबा म्हणाले. “आता तुझ्यावर कर्ज कुठे आहे? बँक देईल की.”

त्यांचा चेहरा अगदी हलका झाला होता. आईने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, एमएस्सीला स्कोप आहे ना गं?

आहे, मी म्हणाले.