कार्डाच्या खालची ओळ

आमच्या मुलुंडच्या चर्चच्या मंडळीत नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, उपासना संपली की एक टोपली फिरते. तिच्यात छोटी कार्डं असतात, प्रत्येकावर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एकेक वचन. डोळे मिटून एक उचलायचं. ते तुमचं वर्षाचं वचन. त्या वर्षी आईच्या हाती आलेल्या कार्डाचा अर्थ असा, की देव तुमच्या वतीनं लढेल, तुम्ही नुसतं शांत राहा. घरी येताच तिनं ते फ्रिजवर लावलं.

थोड्याच दिवसांत तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन केलं तर बरं होण्याची चांगली आशा आहे, उशीर नको. आईनं फ्रिजकडे बोट दाखवलं. "शांत राहा म्हटलंय ना? मग मी कशाला चिरफाड करून घेऊ?" आता ती हे सगळ्यांना हसत सांगते. तेव्हा घरात कुणाला हसू येत नव्हतं.

मी मुळातच तापट. "आई, ते कार्ड काय देवानं तुझ्या नावानं पोस्ट केलंय का?" म्हणून ओरडले. मग गोड बोलले, मग अबोला धरला. ती ढिम्म. पालथ्या घड्यावर पाणी. मला आई हवी होती, बाकी काही नको होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या गटाचा शास्त्राभ्यास कुणाच्या तरी घरी असतो. आमची पाळी आली तेव्हा मी अभ्यास घेणाऱ्या चर्चच्या पाळकीणबाईंना हळूच म्हटलं, कार्डावरचं वचन ज्यात आहे तोच अध्याय घ्या. "घेईन, पण अख्खा घेईन," त्या म्हणाल्या. त्यांचा नियमच तो. वचन एकटं उचलायचं नाही. वरचं वाचायचं, खालचं वाचायचं, कोण कुणाला म्हणालं ते विचारायचं.

आम्ही गोल बसून आळीपाळीनं एकेक वचन वाचतो. त्या अध्यायात गुलामीतून निसटलेले लोक आहेत: मागे राजाचं सैन्य, पुढे समुद्र, मधे ते घाबरलेले. आईच्या कार्डावरचं वचन शेजारच्या काकांच्या वाट्याला आलं आणि त्याच्या खालचं आईच्या. तिनं चष्मा सारखा करून वाचलं. देव त्या लोकांच्या पुढाऱ्याला विचारत होता, मला हाका काय मारतोस? लोकांना पुढे चालायला सांग.

मला कोण आनंद! "बघ! देवच म्हणतोय पुढे जा. कर ऑपरेशन!"

"थांब गं," पाळकीणबाई म्हणाल्या. "आईनं एका ओळीचं कार्ड केलं, तू दुसऱ्या ओळीचं करतेस. यात ऑपरेशन करा असंही नाही, करू नका असंही नाही. हे समुद्रापुढे अडकलेल्या माणसांना सांगितलंय. आधी त्यांच्याकडे बघू या ना."

माझं तोंड एवढंसं झालं.

काका म्हणाले, "शांत राहा असं सांगावं लागलं, म्हणजे टरकलेच होते बिचारे."

आईनं मान वर केली. "त्यांच्यात म्हाताऱ्या बायकाही असतील."

"असणारच," काका म्हणाले.

"त्या समुद्रातून कशा गेल्या असतील हो?"

"भीत भीत," पाळकीणबाई म्हणाल्या. "पण एकट्या नाही. सगळे बरोबर होते."

आईनं मांडीवरचं शास्त्र मिटलं. "मला फार भीती वाटते," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत हे ती पहिल्यांदाच बोलली. माझा सगळा राग तिथेच विरघळला. पाळकीणबाईंनी उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "तुमच्याबरोबर आम्ही कोण कोण येऊ?"

ऑपरेशनच्या सकाळी अख्खा गट हॉस्पिटलात हजर. वॉचमननं हटकलं तेव्हा निम्मे जिन्यात जाऊन बसले. मी आईचा हात धरून स्ट्रेचरच्या बाजूनं चालले. दाराशी नर्स म्हणाली, यापुढे फक्त पेशंट. मी तिच्याशी हुज्जत घालू लागले, घालता घालता रडू लागले.

आईनं माझा हात दाबला आणि सोडला.

"आता तू शांत राहा," ती म्हणाली. "मी पुढे जाते."