डाव्या बाजूचा ओरखडा

माझ्या वडिलांनी तीस वर्षं एसटी चालवली. दिवसातून चार वेळा ते बुलढाण्याजवळचा राजूर घाट उतरायचे-चढायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून गाडीचा पत्रा कधी वाकला नाही. विनाअपघात सेवेबद्दल आगारात त्यांचा सत्कार झाला, त्या दिवशी घरी येऊन त्यांनी शाल आईच्या हातात दिली आणि नेहमीसारखे भाकरी खायला बसले. बढाई मारायची त्यांना सवय नव्हती. मात्र दुसऱ्या कुणी चालवत असलेल्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय सारखा पुढे सरकून नसलेला ब्रेक दाबायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी, चंदेरी रंगाची छोटी गाडी घेतली. आई वर्षभरच तिच्यात बसली. ती गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. माझं लग्न टिकलं नव्हतं. बुलढाण्याहून रोज बसनं धाड गावाला जायचं, तिथल्या शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं माझं चाललेलं होतं. गाडी चालवायला मला बाबांनीच शिकवलं, पण ते घरात असताना स्टिअरिंगला हात लावायची वेळ माझ्यावर कधी येत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका शनिवारी सकाळी अंगण झाडताना मला गाडीच्या पुढच्या बंपरवर ओरखडा दिसला. डाव्या कोपऱ्यापासून निघून तो थेट चाकापर्यंत गेला होता. रंग तर गेलाच होता, खालचं काळं प्लास्टिकही खरवडून निघालं होतं.

"बाबा, हे कधी झालं?"

ते ओट्यावर दाढी करत होते. त्यांनी आरशातून नजर काढली नाही. "काय?"

"बंपरले केवढं लागलं पाहा."

"बाजारात उभी होती. गेलं असंन कोनी घासून."

"आन् तुमाले सांगतलं बी नाई?"

"सांगनारे असते काय आता लोक?" ते म्हणाले. मग वस्तरा पुसत हळूच म्हणाले, "माह्या हातानं नाई झालं, बाई."

मी तसं म्हटलंच नव्हतं. पण त्यांच्यावर माझा विश्वास होता, म्हणून त्या न पाहिलेल्या गाडीवाल्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. नवल एकाच गोष्टीचं वाटलं. गाडीला हात लावायचा झाला तर एरवी ते मेकॅनिकच्या डोक्यावर उभे राहत. या वेळी मात्र मलाच म्हणाले, "तूच घेऊन जाय. तुह्या धाडले तो पेंटर हाय म्हनतात चांगला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गाडी घेऊन धाडला गेले. पेंटरचाचांचं टिनाचं शेड गावाबाहेर, रस्त्याला लागूनच होतं. साठीचे असतील. पांढरी दाढी, कोपरापर्यंत हातावर रंगाचे शिंतोडे. त्यांना मी शाळेतली मॅडम म्हणून ओळखीची होते. त्यांची नात माझ्या वर्गातून पुढे गेलेली.

ते बंपरसमोर उकिडवे बसले आणि ओरखड्यातून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकत अडकत गेलं.

"खोल हाय. नुसत्या पॉलिशनं नाई जानार. पुट्टी भरा लागंन. त्यात हे प्लास्टिक, पत्र्याची पुट्टी इथं टिकत नाई, हप्त्याभरात उकलते. प्लास्टिकची वेगळी येते, ते लावतो. मग प्रायमर, रंग, वरून लॅकर. बुधवारी घेऊन जा."

"चालेल," मी म्हणाले. "बाजारात उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं, चाचा."

त्यांनी उठून गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या आरशाच्या कडेवर बोट ठेवलं, मग डाव्या मागच्या दाराच्या खालच्या पट्टीवर, मग डाव्या चाकाच्या टोपीवर. तिन्ही ठिकाणी बारीक खरचटलेलं होतं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. उजव्या बाजूनं ते फिरले तेव्हा त्यांचा हात कुठेच थांबला नाही.

"गाडी कोन चालवते, मॅडम?"

"वडील."

"उमर?"

"सत्तरीला आले."

ते पुन्हा बंपरपाशी बसले. खिशातून एक बारीक पेचकस काढला आणि त्याच्या टोकानं ओरखड्यातून काहीतरी अलगद उकरून तळहातावर घेतलं. हात माझ्यापुढे केला. नखाएवढी रंगाची खपली होती. पिवळी, आणि एका कडेला काळी. तिला सिमेंटची भुकटी चिकटलेली.

"हा कोन्या गाडीचा रंग नाई," ते म्हणाले. "अन् उभ्या गाडीचा ओरखडा असा नसते. हे चालत्या गाडीनं घासलं. पिवळा-काळा रंग कुठी मारतात, तुमीच सांगा."

मला सांगायची गरज नव्हती. घाटातले कठडे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेले असतात. कठड्याच्या पलीकडे काय आहे, ते मी लहानपणापासून बाबांच्या बसच्या खिडकीतून पाहत आले होते.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," चाचा म्हणाले. "चाळीस वर्सं झाले, मी हेच पाहून राह्यलो. नवा शिकनारा दोन्ही बाजूनं घासते. दारू पेनारा समोरून ठोकते. पन एकाच बाजूनं सारं होऊन राह्यलं असंन, तं त्या माणसाले ती बाजू दिसत नाई. माह्या मोठ्या भावाचं असंच झालतं. आमाले उशिरा समजलं."

त्यांनी बादलीत घासायचा पाणपेपर भिजवला, हाताशी घेतला आणि थांबले.

"घासू? एकदा घासलं की मग याच्यात काई दिसनार नाई."

त्यांनी एवढं विचारलं हे मला अजून आठवतं. तेव्हाच नको म्हटलं असतं, गाडी तशीच घरी नेली असती आणि ती खपली बाबांच्या हातावर ठेवली असती, तर बरं झालं असतं का? मी नुसती मान हलवली. पेपर फिरू लागला, काळं पाणी बंपरवरून खाली ओघळलं.

घरी जाऊन मी बाबांना काहीच विचारलं नाही. आता त्यांच्याकडे पाहताना मात्र बारीक बारीक गोष्टी दिसू लागल्या. ताटात डावीकडे वाढलेली चटणी ते तशीच ठेवून उठत. दारातून आत येताना डावा खांदा चौकटीला लागायचा. बाहेरच्या ओट्यावर चप्पल शोधताना ते सबंध मान वळवत. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. म्हातारपण म्हणून मी ते सोडून दिलं होतं. वर्गातल्या पोराला फळ्यावरचं दिसत नसेल तर मला पहिल्या आठवड्यात कळतं.

बुधवारी दुपारी बाबा बसनं धाडला आले. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं शेडकडे चालत गेलो. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला राहिले.

चाचांनी त्यांना लगेच ओळखलं. "अरे, ड्रायव्हरसाहेब! तुमच्या गाडीत किती फिरलो आमी. या, बसा." बाबांना बरं वाटलं. ते स्टुलावर बसले. चाचांनी समोरच्या टपरीवरून चहा आणवला आणि स्वतः एक पेला उचलून बाबांच्या डाव्या बाजूनं पुढे केला.

बाबा बंपरकडे पाहत होते. पेला तसाच राहिला, त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. मग चाचा स्टुलाला वळसा घालून उजवीकडे आले. बाबांनी लगेच हात पुढे करून पेला घेतला, "वा, आलं टाकलं," म्हणाले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्यांनी हे मुद्दाम केलं की सहज झालं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

चहा झाल्यावर बाबांनी बंपरवरून अंगठा फिरवला. कुठे काही लागलं नाही. "हात साफ हाय तुमचा," ते म्हणाले.

"ड्रायव्हरसाहेब, एक गोष्ट सांगू?" चाचा म्हणाले. "राग नका मानू. एकदा डोये दाखवून घ्या."

बाबांचा चेहरा आवळला. "मी बंपर रंगवाले आनला होता. डोये नाई."

त्यांनी चावी घेतली आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. "बाबा, मी चालवते," मी म्हणाले. त्यांनी इंजिन सुरू केलं. एका परक्या माणसासमोर त्यांच्या हातून चावी हिसकावणं मला जमलं नाही. मी डाव्या सीटवर बसले आणि पट्टा लावला.

चार-पाच किलोमीटर गाडी नीट चालली. खरं सांगायचं तर सुरेख चालली. गियर कधी बदलला ते कळतही नव्हतं. मग पुढे रस्त्याच्या कडेनं एक माणूस सायकलवर हिरव्या चाऱ्याचा भारा लादून, सायकल हातात धरून चालताना दिसला. आमच्याच बाजूला, आमच्याकडे पाठ करून. मी वाट पाहिली. बाबा गाडी जरा उजवीकडे घेतील असं वाटत होतं. घेतली नाही.

"बाबा!" मी ओरडले आणि स्टिअरिंगला हात घातला.

गाडी उजवीकडे गेली, त्यांनी ब्रेक दाबला. चाऱ्याची पाती माझ्या काचेवर खरखरत गेली. मागे वळून पाहिलं तर तो माणूस सायकल सावरत उभा होता आणि हातवारे करून आम्हाला काहीतरी म्हणत होता. त्याला काही लागलं नव्हतं.

बाबांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

"कोठी होता तो?"

"समोरच होता, बाबा. केव्हाचा."

रस्त्यानं एक जीप गेली, मग एक ट्रॅक्टर गेला. शेवटी समोरच्या काचेकडे पाहतच त्यांनी सांगितलं.

"सहा महिने झाले असंन. लोक एकदम येऊन राह्यले होते बाजूनं. पयले नसत, अन् मंग एकदम असत. मले वाटलं, शहरात गर्दी वाढली. शुक्रवारी म्हनलं, घाटात जाऊन पाहू. तो घाट तं माहा हाय. तो डोये मिटून उतरीन मी."

"मग?"

"एका वयनावर गाडी फिरवली अन् आवाज आला. कठडा मले दिसलाच नाई, बाई. आवाज आला तवा समजलं, कठडा हाय. कठडा नसता तं?"

मग ते म्हणाले, "मांगं पन्नास लोक घेऊन तीस वर्सं उतरलो मी तिथून."

मला त्यांचा हात धरायचा होता. पण आमच्या घरात तशी रीत नव्हती. मी उतरले, गाडीला वळसा घालून त्यांच्या दारापाशी गेले. त्यांनी दार उघडलं, खाली उतरले आणि चावी गाडीतच ठेवून दिली. माझ्या हातात दिली नाही. बुलढाणा येईपर्यंत त्यांचा उजवा पाय एकदाही पुढे सरकला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायला फार वेळ घेतला नाही. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याची कड झिजत आलेली. गेलं ते परत येणार नव्हतं, उरलेलं टिकावं म्हणून रोज दोन वेळा थेंब घालायचे. "वर्षभर आधी आला असता तर," असं डॉक्टर म्हणू लागले आणि बाबांकडे पाहून थांबले.

त्यानंतर बाबांनी गाडीचा विषय काढला नाही. आगाराजवळच्या हॉटेलात निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर रोज सकाळी जमतात, तिथे जाणं त्यांनी बंद केलं. कुणी घरी आलं तर, "जरा सर्दी हाय," म्हणत. कुणाला काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण मला ते कळत होतं. दवाखान्यात जाताना ते मागच्या सीटवर बसतात, प्रवाशासारखे. मी कितीही विचारलं तरी पुढे येत नाहीत.

पहिल्यांदा थेंब घातले तेव्हा त्यांनी वर मान केली, डोळे उघडे ठेवले आणि पाणी गालावर ओघळलं. मी पदरानं पुसायला गेले तर म्हणाले, "राहू दे, औषध हाय ते." आता उजव्या डोळ्याचंही कमी होत चाललंय. माझी साडी कोणत्या रंगाची, ते अलीकडे विचारावं लागतं त्यांना.

त्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मलाही एक चिठ्ठी दिली होती. हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो, तुम्हीही तपासून घ्या, उशीर करू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. बाबा तेव्हा बाहेर बाकावर बसले होते, त्यांनी ते ऐकलं नाही. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. घड्या पडून मधोमध फाटली आहे. रोज बसनं त्या दवाखान्यावरून जाते. खिडकीशी बसून कधी कधी एक डोळा मिटून पाहते, मग दुसरा. कडेला झाडं दिसतात, खांब दिसतात, माणसं दिसतात. सगळी दिसतात की नाही, ते मला कसं कळणार? अजून मी गेलेले नाही.