यादीत ते आत होते

त्या मंगळवारी सकाळी माझे पती कढीपत्त्याची रोपं घेऊन इमारतीतून बाहेर पडले. जवळच्या किलवणी गावाला जाताना रिक्षात त्यांच्या छातीत दुखू लागलं. रिक्षावाल्याने रिक्षा वळवली. दवाखान्यात पोचण्याआधी ते गेले. मी शाळेत होते. शिपाई वर्गाच्या दारात आला तेव्हा मी फळ्यावर समास सोडवत होते.

आम्ही दोघं कोकणातले. ते सिल्वासाला सरकारी कचेरीत लागले, मी मराठी शाळेत, आणि पुढे तिथल्याच आमली भागात घर घेऊन इथलेच झालो. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. त्याच सुमारास पार्किंगमधून एक स्कूटर चोरीला गेली, मग आणखी एक. इमारतीत कारखान्यांत काम करणारे भाडेकरू बरेच. कोण येतो, कोण जातो, कळत नसे. तेव्हा यांनी कॅमेरे आणि कार्डाने उघडणारं दार बसवायचं मनावर घेतलं.

बसवायला आलेल्या माणसाने सभेत समजावून सांगितलं की चित्रं इमारतीत राहत नाहीत. "सगळं क्लाउडमध्ये जातं, काका. चोराने इथलं मशीन नेलं तरी रेकॉर्डिंग वर सुरक्षित."

"म्हणजे आपण सगळे जिवंतपणीच ढगात," हे म्हणाले.

मराठी माणसं हसली. शेजारच्या गुजराती बेनना कळेना, तेव्हा यांनीच त्यांना सांगितलं की आमच्यात ढगात गेला म्हणजे संपला. त्या म्हणाल्या, "असं अशुभ कशाला बोलता, भाई?" आणि मग त्याही हसल्या.

नियम यांनीच केला. आत येताना कार्ड दाखवायचं आणि बाहेर जातानाही. बाहेर जाताना लोकांना कंटाळा यायचा. एकाच्या पाठोपाठ दुसरा तसाच निघून जायचा. हे त्याला परत बोलवायचे. जळगावचे एक सुपरवायझर तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी एकदा टोमणा मारला, "काका, आम्ही कंपनीत पंच करून आलो. इथे पगार कधी देणार?"

"उद्या आग लागली तर आत कोण आहे ते या यादीवरून कळेल," हे म्हणाले. "तुम्ही बाहेर चहा पीत असाल आणि कोणी तुम्हाला शोधायला धुरात जाईल. चालेल का?"

त्यांनी माझ्या फोनवरही ते ॲप घालून दिलं, मराठी भाषा निवडून. आमच्या फ्लॅटपुढे दोन नावं. शाळेत मधल्या सुट्टीत मी बघायची. त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका आणि 'आत'. माझ्यापुढे 'बाहेर'. मला एवढं पुरायचं. ते जेवले असतील, पेपर तोंडावर घेऊन पडले असतील, असं मनात येई आणि मी पुढच्या तासाला जाई.

दिवसकार्य झाल्यावर मी शाळेत रुजू झाले. मधल्या सुट्टीत हात सवयीने फोनकडे गेला. हिरवा ठिपका होता. ते आत होते.

मी कोणाला काही विचारलं नाही. घरी परतताना फाटकाशी आमचा जुना वॉचमन उभा होता. शिरपूरकडचा माणूस, यांच्याशी गप्पा मारायचा. त्याने स्वतःच विषय काढला.

"बेन, त्या दिवशी साहेबांच्या दोन्ही हातांत कुंड्या होत्या. कार्ड खिशात. मी म्हटलं, मोठा माणूस, खिशात हात घालायला कुठे लावू? मी बटन दाबून दिलं."

पाहुण्यांसाठी त्याच्या टेबलाखाली एक बटन असतं, ते. त्याने दार उघडतं, पण यादीत नोंद होत नाही.

"मग ते काय म्हणाले?"

"रागावले. म्हणाले, परत असं करायचं नाही. अन् म्हणाले, येतो."

सेक्रेटरीपद आता त्या सुपरवायझरांकडे आलं होतं. मी त्यांना विचारलं, त्या सकाळचं दिसेल का. त्यांनी आपल्या फोनवर लावून दिलं आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. हे जिन्यातून आले. दोन्ही हातांत कुंड्या, पायात चपला. दार उघडलं तसे थबकले, वॉचमनकडे वळून काहीतरी बोलले. मग नेहमीसारखं मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं, तो नीट चालू आहे ना म्हणून. आवाज नव्हता. मग ते चित्राबाहेर गेले आणि दार आपोआप लागलं.

फोन परत देताना मी म्हटलं, "हे राहील ना?"

"आहे की, मॅडम, क्लाउडमध्ये," ते म्हणाले.

मला वाटलं, ढगात गेलेलं तिथेच राहतं. मनाची तयारी होईल तेव्हा पुन्हा बघू. पण आमच्या सोसायटीने घेतलेल्या योजनेत महिनाभराचंच साठतं, आणि मग जुन्यावर नवं येतं. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती सकाळ पुसली गेली होती. सुपरवायझरांनाही ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला माणूस एकच होता.

मग तेवढा हिरवा ठिपका राहिला. कार्ड बंद करायचं म्हणून सुपरवायझरांनी एकदा हळूच विचारलं. मी म्हटलं, "देते पुढच्या आठवड्यात." पुन्हा त्यांनी विचारलं नाही. मी रोज मधल्या सुट्टीत फोन बघायची. डबा उघडण्याआधी.

जुना वॉचमन मुलीच्या लग्नाला गावी गेला तो परतला नाही. त्याच्या जागी नंदुरबारकडचा एक पन्नाशीचा माणूस आला. कमी बोलणारा. त्याने यांना कधी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी मीटरच्या खोलीत तारा जळाल्या आणि जिन्यात धूर भरला. घंटा वाजली. सगळे खाली उतरलो. मी चाफ्याखाली मागे उभी होते. नवा वॉचमन टॅबलेट घेऊन यादीवर एकेका नावाला खूण करत होता. सुपरवायझरांनी मुख्य स्विच पाडला, वाळू मारली, धूर कमी होऊ लागला. मग कोणीतरी विचारलं, "वॉचमन कुठे गेला?"

तो थोड्या वेळाने जिन्यातून आला. तोंडाला ओला रुमाल, डोळे लाल. खोकल्याने त्याला धड उभं राहता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"बेन, तुमचे साहेब दरवाजा खोलत नाहीत. किती ठोकला. चावी द्या."

त्याला वाटलं मी घाबरले आहे. तो म्हणाला, "यादीत आत आहेत ते. मी पुन्हा जातो."

मी त्याचा हात धरला. "ते घरात नाहीत," मी म्हटलं.

शेजारच्या बेननी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो खाली बसला, पाणी प्यायला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "माफ करा, बेन. मला माहीत नव्हतं." माफी त्याने मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मी यांच्या पाकिटातून कार्ड काढलं. कोपऱ्यावर त्यांनी निळ्या शाईने आमच्या फ्लॅटचा नंबर घातला होता, तो अर्धा पुसला होता. खालच्या दाराशी आधी ते कार्ड दाखवलं. दिवा हिरवा झाला, दार उघडलं. मी पलीकडे गेले नाही. जेवढा वेळ उघडं राहायचं तेवढं ते राहिलं आणि लागलं. मग माझं कार्ड दाखवून मी बाहेर पडले. नव्या वॉचमनने खुर्चीवरून उठून मान खाली घातली होती.

संध्याकाळी कार्ड सुपरवायझरांकडे दिलं. त्यांनी नाव काढून टाकलं.

मी अजून मधल्या सुट्टीत फोन बघते. आमच्या फ्लॅटपुढे एक नाव आहे, आणि ते बाहेर आहे.